एक युनिट वीज आणि माणसाचा घाम



आज साठी ओलांडलेल्या पिढीला सायकलचा डायनामो नक्कीच आठवत असेल. दिवेलागण झाली की बाटलीच्या आकाराचे ते छोटेसे यंत्र चाकाच्या टायरला टेकवायचे. चाक फिरू लागले की घरघर सुरू होई आणि पुढच्या दिव्यातून पिवळसर उजेडाचा कवडसा रस्त्यावर पडे. पण उजेडाबरोबर आणखी एक गोष्ट घडत असे. डायनामो टेकवताच पेडल जड होई. चढाचा रस्ता आला की कित्येक जण तो डायनामो बाजूला करीत आणि पोलिसाची नजर चुकवून अंधारातच पुढे जात. तो दिवा असे जेमतेम तीन वॉटचा. तेवढ्या उजेडासाठीही पायांना किंमत मोजावी लागते, हे त्या पिढीला पुस्तक न उघडता कळले होते.

मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. चुंबक आणि तारेचे वेटोळे एकमेकांच्या सान्निध्यात हलू लागले की तारेत विद्युतप्रवाह वाहू लागतो, हे त्यांनी सिद्ध केले. पुढे १८३४ साली लेन्झ यांनी त्याची दुसरी बाजू सांगितली. निर्माण झालेला प्रवाह आपल्याला निर्माण करणाऱ्या गतीलाच विरोध करतो. पेडल जड होते ते या नियमामुळे. कोयनेच्या जनित्रातही हाच नियम चालतो आणि सायकलच्या डायनामोतही. तेथे पाण्याचा लोंढा तो विरोध मोडून काढतो, येथे माणसाच्या मांडीचे स्नायू.

हा जुना विषय आज पुन्हा चर्चेत आला आहे. व्यायामाच्या सायकलीला जनित्र जोडावे, लोक घाम गाळतील आणि घाम गाळता गाळता दिवेही लागतील, ही कल्पना मोठी मोहक आहे. वाया जाणाऱ्या श्रमाचे सोने होईल, असे ऐकणाऱ्यालाही वाटते. परंतु मोहक कल्पनेला गणिताच्या तागडीत घातल्याशिवाय स्वीकारणे किंवा हसण्यावारी नेणे, दोन्ही सारखेच अयोग्य आहे. म्हणून प्रथम हिशोब.

शरीराचा हिशोब

जेम्स वॉट यांनी वाफेच्या इंजिनाची ताकद सांगण्यासाठी 'अश्वशक्ती' हे माप रूढ केले. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. सर्वसाधारण निरोगी माणूस तासन् तास पेडल मारू लागला तर त्याच्याकडून सुमारे ७५ वॉट, म्हणजे अश्वशक्तीचा दहावा हिस्सा मिळतो. कसलेला सायकलपटू तासभर तीनशे-साडेतीनशे वॉट टिकवू शकतो आणि काही सेकंदांपुरता हजाराच्याही पुढे जातो. पण ती अपवादात्मक माणसे.

हे ७५ वॉट जसेच्या तसे दिव्यापर्यंत पोहोचत नाहीत. साखळी आणि पट्ट्याच्या घर्षणात काही जातात, जनित्रात काही उष्णतेच्या रूपाने निघून जातात, बॅटरी भरताना आणि रिकामी होताना पुन्हा गळती होते. उत्तम व्यवस्था ठेवली तर पन्नास वॉट हाती लागतील, असे धरू. म्हणजे तासाभराच्या व्यायामातून पन्नास वॉट-तास. आपल्या वीजबिलावरील एक युनिट म्हणजे एक हजार वॉट-तास. तेव्हा एक युनिट वीज निर्माण करण्यासाठी वीस तास पेडल मारावे लागेल. दिवसाचे आठ तास धरले, तर अडीच दिवसांची पूर्ण मजुरी झाली. युनिटचा दर दहा रुपये मानला तर अडीच दिवसांच्या श्रमाचे मोल झाले दहा रुपये.

हीच गोष्ट दुसऱ्या रीतीने पाहावी. साठ किलो वजनाच्या माणसाने एका युनिटाइतकी ऊर्जा खर्चून उंच चढायचे म्हटले, तर तो सहा हजार मीटरहून अधिक उंची चढेल. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच आहे. म्हणजे समुद्रकाठापासून कळसूबाईच्या माथ्याएवढी चढण जवळजवळ पावणेचार वेळा चढावी, तेव्हा एक युनिट होते. किंवा दहा मीटर खोल विहिरीतून पंधरा लिटरची बादली सुमारे अडीच हजार वेळा शेंदावी. इकडे घरातला गीझर अर्ध्या तासात तेवढी वीज सहज संपवतो.

या ऊर्जेचा उगम अर्थातच पोटात आहे. स्नायूंना मिळालेल्या अन्नऊर्जेपैकी साधारण एक चतुर्थांश भागच प्रत्यक्ष कामात उतरतो. उरलेल्याची उष्णता होते, म्हणून तर घाम येतो. तासभर ७५ वॉटचे काम करणाऱ्या माणसाला त्यासाठी सुमारे २६० किलोकॅलरी, म्हणजे ढोबळमानाने दोन भाकऱ्यांची ऊर्जा खर्चावी लागते. दोन भाकऱ्या खाऊन पन्नास पैशांची वीज! केवळ विजेसाठी माणसाने पेडल मारणे हा जगातील सर्वांत महाग वीजप्रकल्प ठरेल. जो व्यायाम करणारच आहे, त्याचा हा खर्च अर्थात तसाही होणार असतो. व्यायामातून विजेच्या कल्पनेत जो काही दम आहे, तो एवढ्या एका मुद्द्यात आहे.

उद्या देशातील १४० कोटी माणसांनी, पाळण्यातल्या बाळापासून काठी टेकणाऱ्या आजोबांपर्यंत, रोज तासभर पेडल मारले तर? सात कोटी युनिट मिळतील. आकडा भारदस्त वाटतो. पण २०२३-२४ साली देशात रोज सरासरी साडेचारशे कोटी युनिटांहून अधिक वीज निर्माण होत होती. म्हणजे संपूर्ण राष्ट्राचा घाम एकत्र केला तरी गरजेचा जेमतेम दीड टक्का भागेल.

व्यायामशाळेतील दिवे

या मर्यादा असूनही जगभर प्रयोग झाले. हाँगकाँगमधील एका व्यायामशाळेने २००७ साली आपल्या काही यंत्रांना जनित्रे जोडून त्यांवर दिवे लावले. त्याच सुमारास अमेरिकेत आणि युरोपातही अशा व्यायामशाळा निघाल्या. कोपनहेगनमधील एका मोठ्या हॉटेलाने २०१० साली जाहीर केले की जो पाहुणा व्यायामाच्या सायकलीवर दहा वॉट-तास वीज निर्माण करील, त्याला एका वेळचे भोजन मोफत. दहा वॉट-तास म्हणजे आपल्या दराने दहा पैशांची वीज. हॉटेलाने वीज विकत घेतली नाही, प्रसिद्धी विकत घेतली, हे उघड आहे. तरीही त्या पाहुण्यांपैकी काही जणांच्या मनात विजेविषयी आदर निर्माण झाला असेल, तर त्या भोजनाची किंमत वसूल झाली म्हणायची.

२०१५ साली जर्मनीचे ऑलिंपिकपटू रॉबर्ट फोर्स्टेमान यांचा एक प्रयोग चित्रित झाला. वेगवान सायकल शर्यतींतील हे नामांकित खेळाडू. त्यांच्या मांड्यांचा घेर पाहूनच लोक थक्क होतात. त्यांच्या सायकलीला सातशे वॉटचा पाव भाजण्याचा टोस्टर जोडण्यात आला. पावाची एक चकती भाजून होईपर्यंत हा मल्ल अक्षरशः जमिनीवर आडवा झाला. निर्माण झालेली वीज होती एका युनिटाचा सुमारे पन्नासावा भाग. सकाळी न्याहारीच्या वेळी टोस्टरचे बटण दाबताना त्यामागे केवढी ताकद उभी असते, याचा याहून बोलका धडा क्वचितच सापडेल.

आता वातानुकूलित व्यायामशाळेचा हिशोब पाहा. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र चालवण्यास सुमारे दीड हजार वॉट लागतात, म्हणजे तीस माणसांनी सतत पेडल मारले पाहिजे. पण पेडल मारणारे प्रत्येक शरीर तीनशे वॉटच्या आसपास उष्णता बाहेर टाकते. तीस माणसांची उष्णता झाली नऊ हजार वॉट आणि त्या यंत्राची उष्णता ओढण्याची क्षमता सव्वापाच हजार वॉट. थोडक्यात, ज्या यंत्रासाठी माणसे घाम गाळतात, ते यंत्र त्यांचाच घाम सुकवू शकत नाही. शेजारी मोटारीवर फिरणारी ट्रेडमिल असेल तर ती पाचशे वॉट किंवा त्याहून अधिक खाते. एक माणूस सायकलीवर पन्नास वॉट देतो आणि दुसरा पट्ट्यावर पळण्यासाठी त्याच्या दसपट घेतो, याला ऊर्जाबचत म्हणता येत नाही.

येथे आपल्या व्यायामपरंपरेकडे नव्या दृष्टीने पाहावेसे वाटते. दंड, बैठका, सूर्यनमस्कार, मल्लखांब, कुस्ती, लाठी, हुतूतू, खो-खो. यांतल्या एकालाही विजेची तार लागत नाही. तालमीला लागते ती लाल माती, आणि उघड्या झरोक्यातून येणारा वारा. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, तो यंत्राविना घरोघरी करता येण्याजोगा व्यायाम म्हणून. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या चमूने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगापुढे सादर केली. व्यायामातून पन्नास वॉट मिळवण्यापेक्षा व्यायामासाठी पाचशे वॉट न वापरणे हे दसपट मोठे काम आहे, आणि ते या परंपरेने कोणताही गाजावाजा न करता केले.

वीस वॉटची किमया

मग मानवी ऊर्जेची वीज सर्वथा निरुपयोगी म्हणायची काय? मुळीच नाही. ती थोडी आहे. म्हणून जेथे थोड्या विजेने मोठे काम होते, तेथेच ती शोभते.

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील उदाहरण या संदर्भात फार उद्बोधक आहे. तेथील वस्त्या एकमेकींपासून शेकडो किलोमीटर दूर. कुणाला अपघात झाला, बाळंतीण अडली, तर डॉक्टरला निरोप पोहोचण्यातच दिवस जात. जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाने १९२८ साली विमानातून जाणाऱ्या डॉक्टरची सेवा सुरू केली. परंतु डॉक्टरला बोलवायचे कसे? बिनतारी यंत्रे होती, पण त्यांना लागणाऱ्या जड बॅटऱ्या त्या वाळवंटात कोण भरून देणार? ॲडलेडचे तंत्रज्ञ आल्फ्रेड ट्रेगर यांनी हाताने फिरवण्याचे जनित्र करून पाहिले. पण एक हात जनित्रावर अडकला की दुसऱ्या हाताने मोर्सच्या खुणा पाठवणे अवघड होई. तेव्हा त्यांनी जनित्राला पेडल जोडले. पाय वीज करू लागले, हात मोकळे झाले. १९२९ साली हे पेडलचे बिनतारी यंत्र पहिल्या वस्तीवर बसवण्यात आले. त्याला वीज लागे सुमारे वीस वॉट. घरातली गृहिणी खुर्चीवर बसून पेडल मारी आणि शेकडो किलोमीटरवरच्या केंद्राला निरोप देई. वीस वॉटमध्ये एखादी खोलीही नीट उजळत नाही. पण त्या वीस वॉटनी माणसांचे प्राण वाचवले.

पुढे इंग्लंडच्या ट्रेव्हर बेलिस यांनी असाच मार्ग चोखाळला. आफ्रिकेतील एड्सच्या साथीवरचा एक दूरचित्रवाणी कार्यक्रम त्यांनी पाहिला. रोगाविषयीची माहिती खेड्यापाड्यांत पोहोचवायला रेडिओ हे उत्तम साधन. पण तेथे वीज नाही आणि बॅटऱ्या गरिबाला परवडत नाहीत, असे त्यात सांगितले होते. बेलिस यांनी घड्याळासारखी किल्ली देऊन चालणारा रेडिओ बनवला आणि १९९० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत त्याचे उत्पादनही सुरू झाले.

आपल्याकडे बेंगळुरूत तयार झालेला ई-चरखा याच जातीचा. सूत कातता कातता चाकाच्या गतीतून छोटी बॅटरी भरते आणि रात्री त्यावर एलईडीचा दिवा लागतो. कातणाऱ्या बाईचे मुख्य काम सूत. उजेड ही त्या श्रमाची जोडकमाई. एलईडीने या सगळ्या गणिताला नवे बळ दिले आहे. जुना साठ वॉटचा बल्ब जेवढा उजेड देई, तेवढा आज नऊ वॉटचा एलईडी देतो. वीजनिर्मितीची शरीराची क्षमता वाढलेली नाही. गरज सातपटीने घटली, म्हणून तीच शक्ती पुरेशी वाटू लागली.

लखनौमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत उद्योग उभारलेले मनोज भार्गव यांनी २०१५ साली एक पेडलयंत्र जगापुढे आणले. तासभर पेडल मारा आणि खेड्यातल्या घराची दिवसभराची विजेची गरज भागवा, असा त्याचा गाभा होता. हेतू स्तुत्य होता. पण 'गरज' या शब्दाची व्याख्या करणे आवश्यक होते. दोन-तीन एलईडी आणि एक मोबाइल एवढीच गरज असेल, तर विधान खरे आहे. छताला साधा पंचाहत्तर वॉटचा पंखा आला की एका रात्रीचे आठ तास म्हणजे सहाशे वॉट-तास होतात आणि त्यासाठी बारा तास पेडल मारावे लागते. गरिबालाही पंखा हवा असतो. त्याच्या गरजेची व्याख्या दुसऱ्याने त्याच्यासाठी लहान करून ठेवणे न्यायाचे नव्हे. २०१८ च्या एप्रिलमध्ये मणिपूरमधील लेइसांग हे गाव राष्ट्रीय वीजजाळ्याला जोडले गेले आणि देशातील प्रत्येक गावापर्यंत वीज पोहोचल्याची घोषणा झाली. खेड्यातल्या माणसाला हवी होती ती हीच वीज, जी शहरातल्या माणसाला मिळते.

विजेचा वळसा कशाला?

पायाची शक्ती आधी विजेत बदलायची आणि त्या विजेने पुन्हा मोटार फिरवायची, या वळशात बरीच शक्ती वाटेतच संपते. म्हणून जेथे फिरवण्याचेच काम आहे, तेथे पायाने थेट फिरवावे. शिंप्याचे पायाचे शिलाई यंत्र हेच करते. बांगलादेशात १९८० च्या दशकापासून लहान शेतकऱ्यांमध्ये पायाने चालवण्याचे पाणीपंप लाखोंच्या संख्येने पसरले. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील रेम्या जोस या शाळकरी मुलीने पेडलवर चालणारे कपडे धुण्याचे यंत्र बनवले आणि राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने तिचा गौरव केला.

महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे या क्षेत्रातील काम नागपुरात झाले. प्राध्यापक डॉ. जे. पी. मोडक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पेडल आणि फ्लायव्हील यांची सांगड घालणारे यंत्र विकसित केले. फ्लायव्हील म्हणजे जड चाक. एक माणूस मिनिटभर पेडल मारून त्या चाकाला वेग देतो. मग पेडल मारणे थांबवून क्लच जोडला की चाकात साठलेली शक्ती काही सेकंदांत यंत्राला मिळते. गणित सोपे आहे. ७५ वॉटने मिनिटभरात साठवलेली शक्ती पाच सेकंदांत सोडली, तर तेवढा वेळ नऊशे वॉट, म्हणजे एका अश्वशक्तीहून अधिक ताकद हाती येते. या तत्त्वावर विटा पाडण्याचे आणि लाकूडकामाचे यंत्र चालवून दाखवण्यात आले. माणसाची ताकद वाढली नाही. तिचा वापर शहाणपणाने झाला.

पेडल कोण मारणार?

आतापर्यंतचा विचार यंत्राचा झाला. पण या विषयाच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. पेडल मारणारा कोण आणि त्याचा लाभ घेणारा कोण?

आज आरोग्याचे साधन म्हणून मिरवणाऱ्या ट्रेडमिलचा जन्म तुरुंगात झाला आहे. विल्यम क्यूबिट या इंग्रज अभियंत्याने १८१८ साली कैद्यांसाठी पायऱ्यांचे मोठे चाक बनवले. कैद्यांनी तासन् तास त्यावर चढत राहायचे. कोठे त्या चाकावर धान्य दळले जाई, कोठे पाणी उपसले जाई, तर कोठे ते चाक नुसतेच वाऱ्यात फिरत राही. श्रमातून काहीही निष्पन्न होऊ नये, हीच शिक्षा. त्याच राजवटीने अंदमानच्या कोठड्यांमध्ये क्रांतिकारकांना बैलाच्या जागी कोलूला जुंपले आणि दिवसाला तीस पौंड खोबरेल काढण्याची सक्ती केली. १९११ साली तेथे पोहोचलेल्या स्वातंत्र्यवीर सावरकरांनाही त्या कोलूभोवती फिरावे लागले. माणसाच्या शरीराला केवळ शक्तीचे यंत्र मानले की गोष्ट कोठवर जाते, हे 'माझी जन्मठेप' वाचलेल्या कोणालाही सांगायला नको.

ब्राझीलमधील सांता रिता दो सापुकाई या गावच्या तुरुंगात २०१२ साली कैद्यांसाठी सायकली ठेवल्या गेल्या. त्यांनी स्वेच्छेने पेडल मारून बॅटऱ्या भरायच्या, त्या विजेवर गावातल्या नदीकाठचे दिवे लागायचे आणि त्या बदल्यात त्यांची शिक्षा कमी व्हायची. कोलू आणि ही सायकल यांत शरीराचे श्रम तेच आहेत. फरक आहे तो संमतीचा आणि मोबदल्याचा. त्या फरकामुळे श्रमाचे स्वरूपच पालटते.

चांगल्या हेतूनेही चूक होऊ शकते. दक्षिण आफ्रिकेत मुलांच्या फिरत्या चक्राला पाण्याचा पंप जोडण्याची योजना निघाली. मुले खेळतील आणि गावाला पाणी मिळेल, या कल्पनेवर जग भाळले. २००६ साली अमेरिकेतून तिला कोट्यवधी डॉलरच्या साहाय्याची घोषणा झाली. काही वर्षांतच वास्तव समोर आले. खेळणाऱ्या मुलाला चक्राला वेग देऊन त्यावर उडी मारायची असते. पंप जोडलेले चक्र सतत ढकलावे लागते. तो खेळ राहत नाही, काम होते. मुलांना कंटाळा आला आणि ते अवजड चक्र ढकलण्याची वेळ गावातल्या बायकांवर आली. योजनेचे उद्दिष्ट गाठायचे तर मुलांना दिवसाला सत्तावीस तास खेळावे लागेल, असा हिशोब ब्रिटिश वृत्तपत्राने २००९ साली मांडला. सायकलच्या डायनामोने शिकवलेला धडाच तेथे विसरला गेला होता.

इंग्रजी अमदानीतील साहेबाच्या बंगल्यात पंखेवाला असे. छताला टांगलेल्या कापडी पंख्याची दोरी तो व्हरांड्यात बसून ओढत राही. हात थकले की दोरी पायाला बांधून ओढी. साहेब आत झोपलेला, पंखेवाला बाहेर जागा. आज कुणालाही ते दृश्य सहन होणार नाही. पण पंचाहत्तर वॉटचा छतपंखा म्हणजे नेमकी एका माणसाची ताकद. प्रत्येक पंख्यामागे एक न दिसणारा पंखेवाला बसला आहे. रिकाम्या खोलीत पंखा फिरत राहतो, तेव्हा तो कुणासाठीच दोरी ओढत नसतो.

२०२२-२३ साली भारतात दरडोई वीजवापर वर्षाला सुमारे १३३१ युनिट होता, म्हणजे दिवसाला साडेतीन युनिटांहून थोडा अधिक. त्यात कारखाने, शेती, रेल्वे सारे आले. हिशोब मांडला तर प्रत्येक भारतीयामागे नऊ माणसे रोज आठ तास पेडल मारीत आहेत, असा त्याचा अर्थ होतो. कोळशाने आणि पाण्याने, सूर्याने आणि वाऱ्याने माणसाला या गुलामीतून सोडवले. विजेचे हे ऋण मोठे आहे. मात्र ही सेवा स्वस्त मिळते म्हणून ती क्षुल्लक ठरत नाही. तिच्यासाठी कोठेतरी खाणीत माणूस उतरलेला असतो, कोठेतरी धरणाच्या पाण्याखाली कुणाचे तरी गाव गेलेले असते.

शाळेतला एक तास

तेव्हा व्यायामातून विजेचा खरा उपयोग वीज मिळवण्यात नाही, विजेची किंमत कळण्यात आहे. त्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. एक जुनी सायकल स्टँडवर पक्की बसवावी, तिच्या मागच्या चाकाला योग्य ते जनित्र जोडावे आणि समोर एका फळीवर दोन दिवे लावावेत. एक जुना साठ वॉटचा बल्ब, दुसरा नऊ वॉटचा एलईडी. शाळेतल्या मुलामुलींना पाळीपाळीने तिच्यावर बसवावे. एलईडी गप्पा मारता मारता पेटता राहील. मग बटण बदलून साठ वॉटचा बल्ब जोडावा. पेडल एकदम जड होईल, मिनिट-दोन मिनिटांत धाप लागेल आणि दिवा मंद होत जाईल. उजेड तोच, श्रम सातपट. ऊर्जाबचतीवरची दहा भाषणे जे सांगू शकणार नाहीत, ते त्या मुलाच्या पोटऱ्या त्याला सांगतील.

प्रत्येक शाळेत, प्रत्येक व्यायामशाळेत अशी एक सायकल असावी. पूर आला, वादळात तारा तुटल्या, तर तिच्यावर मोबाइल भरून निरोप देता येईल. ट्रेगर यांनी दिलेला धडा तेथे उपयोगी पडेल. एरवी तिने फक्त शिकवण्याचे काम करावे.

तो मुलगा संध्याकाळी घरी जाईल. आजी स्वयंपाकघरात असेल आणि बाहेरच्या खोलीत पंखा एकटाच फिरत असेल. तो उठून बटण बंद करील. बिल वाढेल म्हणून आई रागावते, या भीतीने नव्हे. आज सकाळी आपणच ती दोरी ओढली होती, हे त्याच्या पायांना आठवत असेल म्हणून.